चित्राखालची ओळ

कृष्णविवराची बातमी आली की तिच्यासोबत एक चित्र हमखास येते. मधोमध काळाभोर गोळा, त्याला वेढणारे झगझगीत सोनेरी कडे, मागे तारे. चित्र देखणे असते, पण ते कुठून आले याचा पत्ता बहुधा नसतो. दुर्बिणींच्या नोंदींतून मिळालेले, समीकरणे सोडवून संगणकाने काढलेले आणि चित्रकाराने कल्पनेने रंगवलेले, अशी तीन वेगळ्या जातींची चित्रे आपण सरसकट छापतो, आणि वाचक तिन्हींना फोटो समजतो. ही दिशाभूल आहे, आणि ती टाळणे अजिबात अवघड नाही.

10 एप्रिल 2019 रोजी दुर्बिणींच्या नोंदींतून मिळालेले पहिले चित्र प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी जगाने कृष्णविवराची जी चित्रे पाहिली, ती सगळी शेवटच्या दोन प्रकारांतली होती. त्यांतही काही फार मोलाची आहेत. 1979 मध्ये फ्रान्सच्या जाँ-पियेर ल्युमिने यांनी छिद्रपत्रांवर चालणाऱ्या संगणकाकडून गणित करून घेतले आणि आलेल्या आकड्यांवरून शाईचा एकेक ठिपका हाताने देत चित्र उभे केले. त्यात कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या तबकडीची एक बाजू उजळ आणि दुसरी फिकी आहे, कारण आपल्याकडे वेगाने येणाऱ्या वायूचा प्रकाश तीव्र दिसतो आणि दूर जाणाऱ्याचा मंदावतो. 2014 च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटासाठी किप थॉर्न यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने समीकरणे पुरवली, तरी प्रेक्षक गोंधळतील म्हणून पडद्यावरच्या कृष्णविवरातून नेमका हा उजळ-फिकेपणा वगळला गेला. चित्रपटाला ती मुभा आहे. बातमीला नाही.

मग खरे चित्र कसे आहे? धूसर, एका बाजूला जाड झालेले नारिंगी कडे. एम-87 दीर्घिकेच्या केंद्रातले हे कृष्णविवर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे साडेसहा अब्ज पट आहे. एवढे अवाढव्य असूनही ते टिपणे म्हणजे चंद्रावर ठेवलेले मोसंबे इथून ओळखण्यासारखे होते. त्यासाठी एप्रिल 2017 मध्ये हवाई, चिली, स्पेनपासून दक्षिण ध्रुवापर्यंतच्या आठ रेडिओ दुर्बिणींचे जाळे कामाला लावले गेले. दक्षिण ध्रुवावरून एम-87 दिसत नाही, म्हणून बाकीच्या सात एकाच वेळी त्याच्याकडे रोखल्या गेल्या. नोंदी इतक्या प्रचंड होत्या की त्या हार्ड डिस्कमध्ये भरून विमानाने न्याव्या लागल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या होत्या.

त्या चित्रातला नारिंगी रंगही शास्त्रज्ञांनी दिलेला आहे. 1.3 मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी डोळ्यांना दिसतच नाहीत. प्रकाश आहे तो भोवतालच्या तप्त वायूचा, आणि मधला काळा भाग म्हणजे कृष्णविवराची सावली. गुरुत्वाकर्षणाने प्रकाश वळत असल्याने ती घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या, सुमारे अडीच पट रुंद दिसते.

इतके सोपस्कार झाले म्हणजे हेही कल्पनाचित्रच, असे कोणी म्हणेल. तसे नाही. दुर्बिणी मोजक्या असल्याने नोंदींत मोठ्या मोकळ्या जागा राहतात आणि त्या गणिताने भराव्या लागतात, हे खरे. म्हणूनच चार गटांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता स्वतंत्रपणे चित्रे तयार केली, आणि चौघांनाही कडेच मिळाले. 2018 च्या निरीक्षणांतही तेवढ्याच आकाराचे कडे दिसले. उजळ भाग तेवढा सरकला होता. जपानमधल्या काही संशोधकांनी खुल्या केलेल्या नोंदी घेऊन चित्राला आव्हान दिले, त्याला उत्तरही दिले गेले. नोंदी समोर असल्या की असा वाद घालता येतो. कल्पनाचित्राशी वाद घालायला हातात काहीच नसते.

मे 2022 मध्ये आलेले आपल्याच आकाशगंगेच्या केंद्राचे चित्र याहून समजावून घेण्यासारखे आहे. तिथले कृष्णविवर तुलनेने लहान, सूर्याच्या चाळीसेक लाख पट. वायू काही मिनिटांत त्याला फेरी मारतो आणि नोंदी घेता घेताच दृश्य पालटते. त्यामुळे प्रसिद्ध झालेले चित्र हजारो चित्रांची सरासरी आहे. हे न सांगता ते छापले तर शास्त्रज्ञांच्या श्रमांवर अन्याय होतो आणि वाचकाच्या बुद्धीवरही.

संपादकांना आणि वाहिन्यांना आमची विनंती एका ओळीची आहे: चित्र दुर्बिणींच्या नोंदींचे, गणिताचे की कल्पनेचे, ते त्याखाली लिहा. आणि जिथे ही ओळ नसेल, तिथे वाचकांनी ते चित्र कल्पनेचेच धरून चालावे.