पदवीचा धनी कोण?

समाजकार्याच्या पदवीचा विषय निघाला की महाराष्ट्रात हमखास ऐकू येते : फुल्यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम, कुठे होती त्यांच्याकडे एमएसडब्ल्यूची पदवी? टाळ्या मिळतात, पण प्रश्न तो नाही. पदवीधराचा पगार कोण देतो आणि त्यापायी वर्गात काय शिकवले जाते, हा खरा प्रश्न आहे.

नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्याच्या पुढाकाराने १९३६ मध्ये समाजकार्याची देशातली पहिली शिक्षणसंस्था उभी राहिली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. नोकऱ्या निघाल्या आणि समाजकार्याचे विद्यार्थी कामगार कल्याणाकडे, तिथून कर्मचारी व्यवस्थापनाकडे वळले. कामगाराची बाजू मांडायला नेमलेला माणूस मालकाच्या पगारावर! पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला लावले. आता त्या पैशासाठी प्रस्ताव, लाभार्थ्यांचे आकडे, फोटोंसह अहवाल.

उलट वाट दाखवणारे काम १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात सुरू झाले : टाटा संस्थेचा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. तोवर मार खाऊन पोलिसांकडे आलेल्या बाईला ‘घरचे भांडण आहे, घरी मिटवा’ हेच ऐकावे लागे. कक्षात प्रशिक्षित कार्यकर्ती बसली. तिने बाईचे म्हणणे शांतपणे ऐकायचे, तक्रार लिहायला मदत करायची, सासरच्यांना बोलावून घ्यायचे, अडकवून ठेवलेले स्त्रीधन सोडवायचे आणि बाईने न ठरवलेली तडजोड तिच्या गळ्यात मारायची नाही. नुसत्या कळवळ्याने हे जमत नाही. पुढे राज्य सरकारने ही कल्पना स्वीकारली. अशा कक्षातले केसपेपर समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी नीट अभ्यासले, तर त्यांना संशोधनासाठी विषय शोधत फिरावे लागणार नाही.

प्रत्यक्षात विद्यार्थ्यांचे फील्डवर्क मात्र हजेरीच्या सह्यांपुरते उरण्याचा धोका आहे. डॉक्टर, वकील, परिचारिका यांच्यासाठी वैधानिक नियामक संस्था आहे. समाजकार्यकर्त्यांसाठी देशपातळीवर स्वतंत्र अशी अजून नाही. ती यावीच. पण नुसत्या नोंदणीने कंत्राटी कार्यकर्तीची नोकरी पक्की होत नाही. आधी पोलीस ठाणी, सरकारी रुग्णालये आणि बालगृहांत कायम पदे हवीत आणि शिक्षकाने वस्तीत घालवलेले तास त्याच्या कार्यभारात धरायला हवेत.