स्कर्टची सक्ती कशी टळली

मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपल्याकडे तिची रॅकेट कपाटावर चढते. अम्मी-अब्बांना विचारा, अभ्यासाच्या आधी कपड्यांचे कारण येते. अशा घरांसाठी ही हकीकत.

2011 साली जागतिक बॅडमिंटन महासंघाने मोठ्या स्पर्धांत महिला खेळाडूंना स्कर्ट किंवा ड्रेस सक्तीचा करायचे ठरवले. कशासाठी, तर प्रेक्षक वाढावेत म्हणून! आतून लांब पँट चालेल, अशी मखलाशीही केली. मलेशिया-इंडोनेशियातून जोरदार विरोध झाला. नियम आधी लांबणीवर पडला आणि 2012 मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या आधी, सोडून द्यावा लागला.

माझ्या मते, हा आवाज ऐकावा लागला कारण या खेळात आशियाचे वजन आहे. आशियाई बॅडमिंटन महासंघ 1959 चा. त्याची पहिली अजिंक्यपद स्पर्धा 1962 मध्ये क्वालालंपूरला झाली. 1965 मध्ये लखनौला आपला दिनेश खन्ना विजेता ठरला. पुढे 2005 मध्ये जागतिक संघटनेचे कार्यालयसुद्धा इंग्लंडहून क्वालालंपूरला आले.

2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये इराणची सोराया आगाई हिजाब घालून एकेरी खेळली, एक सामना जिंकलीही.

तेव्हा तालुक्याच्या स्पर्धेत कुणी तुमच्या लेकीच्या लेगिंग्जवर किंवा स्कार्फवर हरकत घेतली, तर भांडू नका. नियम कुठे लिहिला आहे, एवढेच शांतपणे विचारा.