सूत्र पाठ आहे, पण पाकीट किती पाण्यात?

विरलीकरण शिकवताना आपण सगळेच फळ्यावर सूत्र लिहून मोकळे होतो. पहिली संहती गुणिले पहिले आकारमान बरोबर दुसरी संहती गुणिले दुसरे आकारमान. मुलं आकडे टाकतात, उत्तर येतं, मार्क मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की हे सूत्र आपण फार लवकर देतो.

परवा वर्गात विचारलं, "घरी जलसंजीवनीचं मोठं पाकीट कसं करता?" अर्ध्याहून जास्त हात वर, आणि उत्तर एकच: पेलाभर पाण्यात सगळं पाकीट. "बाळ जास्त पाणी पीत नाही ना सर!" हीच मुलं विरलीकरणाची गणितं बिनचूक सोडवतात.

आता हिशोब करू. मोठं पाकीट 1 लिटर पाण्यासाठी असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार त्यात 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. लिटरभर पाण्यात सोडियमची संहती 75 मिलिमोल प्रति लिटर येते. तेच पाकीट 200 मिलिलिटरच्या पेल्यात टाकलं तर पाकिटातला सोडियम तेवढाच, पण पाणी पाचपट कमी, म्हणून संहती पाचपट: 375. आपल्या रक्तात सोडियम साधारण 135 ते 145 असतो. इतकं तीव्र द्रावण पोटात गेलं तर आतडं पाणी शोषून घेण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. जुलाब वाढतात, रक्तातला सोडियम वाढतो, आणि लहान बाळाला ते जिवावर बेतू शकतं. उलट दोन लिटरमध्ये कालवलं तर क्षार अपुरे पडतात. (200 मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, म्हणून पाकिटावरचं वाचायलाच हवं.)

1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना साधं मीठ-साखरेचं द्रावण पाजून हजारो जीव वाचवले. शिरेतून द्यायचं सलाईन अपुरं पडत होतं, पण द्रावणातलं प्रमाण मात्र मोजून ठरवलेलं होतं. हा प्रसंग विरलीकरणाच्या धड्यात यायला हवा, असं मला वाटतं.

म्हणून आधी एवढंच सांगा: पाणी घातल्याने द्राव्य कमी होत नाही, ते फक्त जास्त जागेत पसरतं. चुकून पेल्यात पाकीट कालवलं असेल तर आणखी 800 मिलिलिटर पाणी घाला, द्रावण बरोबर होतं. इथेच मुलं नेहमी अडखळतात. 1 मोलारचं 100 मिलिलिटर आम्ल 0.25 मोलार करायचं म्हटलं की सूत्रातून 400 येतं आणि ती 400 मिलिलिटर पाणी ओततात. अहो, 400 हे एकूण आकारमान आहे! पाणी घालायचं 300. (आणि आम्ल तीव्र असेल तर आम्लच पाण्यात हळूहळू घालायचं, पाणी आम्लात नाही. हे दरवर्षी सांगावं लागतं.) सूत्राच्या मागे काय चाललंय हे कळलेला मुलगा इथे फसत नाही.

पुढच्या घटक चाचणीत माझा प्रश्न ठरलाय: आजीने लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवलं आहे. संहती किती झाली, आणि आजीला काय सांगाल?