आठ तास आणि अर्धा तास

‘आपल्याकडे योग असताना हे पिलाटेस कशाला?’ हा सवाल या आठवड्यात पुन्हा कानावर आला. तितक्याच ठामपणे त्याचं दुसरं टोकही ऐकू आलं: योग वय झालेल्यांसाठी, अंग घडवायचं तर पिलाटेस. दोन्ही वाक्यं मला खटकतात, कारण ज्याचं अंग दुखतंय तो माणूस या दोन्हींत कुठेच नाही. वाळूजच्या औद्योगिक परिसरात तर त्याच्याकडे डोळेझाक करणं शक्यच नाही. १९८५ साली इथं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, पाठोपाठ सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने आले आणि बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी या वस्त्या वाढत गेल्या. आज इथल्या कितीतरी घरांचं जेवण आणि झोप शिफ्टवर ठरते. माझं म्हणणं एवढंच आहे की घरचा व्यायाम कोणत्या परंपरेचा, हे नंतर ठरवावं. दिवसभराच्या कामानं शरीराकडून काय करवून घेतलं आणि काय राहून गेलं, हे आधी बघावं. तसं बघितलं की योग आणि पिलाटेस यांच्यातलं भांडण मिटतं आणि प्रत्येकाचं काम वेगळं दिसू लागतं.

‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?’ हा आक्षेप इथं सर्रास घेतला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण लाइनवरचं काम जरा जवळून बघा. एका बाजूला वळून ट्रेमधला पार्ट उचलायचा, फिक्स्चरमध्ये बसवायचा, बटण दाबायचं, पार्ट काढून पुढं सरकवायचा आणि पुन्हा त्याच बाजूला वळायचं. शिफ्टभर तोच खांदा, तेच मनगट, कमरेचा तोच पीळ. घाम भरपूर येतो, पण तो मोजक्याच स्नायूंच्या जिवावर. उलट दिशेचा पीळ, छाती उघडणारी हालचाल, हात डोक्यावर नेऊन घेतलेला लांब श्वास यांना त्या आठ तासांत जागाच नसते. ओट्यापाशी उभं राहून स्वयंपाक करणाऱ्या, भरलेल्या बादल्या उचलणाऱ्या आणि वाकून लादी पुसणाऱ्या बाईचंही तसंच. ऑफिसात खुर्चीला खिळलेल्या सुपरवायझरची अडचण तर उलटी, त्याच्या वाट्याला हालचालच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातल्या जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नाही. बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. म्हणजे राबणं आणि व्यायाम या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याशिवाय गत्यंतर नाही. काम शरीराला वाकवतं एका दिशेनं. व्यायामानं त्याला उरलेल्या दिशा द्यायच्या असतात.

आता ‘आपलं’ आणि ‘परकं’ याबद्दल. १८८३ या एकाच वर्षी दोघांचा जन्म झाला. गुजरातेतल्या डभोईला एका मराठी घरात जगन्नाथ गणेश गुणे, आणि जर्मनीतल्या म्योन्शनग्लाडबाखला पिलाटेस पद्धतीचे जनक जोसेफ पिलाटेस. गुणे पुढं स्वामी कुवलयानंद झाले. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले, मग माधवदासजींकडे योग शिकले आणि १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढून योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या. नौली ही पोटाच्या स्नायूंची क्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी उपकरणं लावून मोजलं आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून जगापुढं ठेवलं. पिलाटेस पहिल्या महायुद्धात शत्रुदेशाचा नागरिक म्हणून इंग्रजांच्या ताब्यात, आइल ऑफ मॅनवरच्या छावणीत स्थानबद्ध होते. १९२६ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तिथं त्यांनी स्टुडिओ काढला, आणि १९४५ च्या पुस्तकात सतरंजीवर करायचे चौतीस व्यायाम लिहून ठेवले. कुवलयानंद १९६६ साली गेले, पिलाटेस १९६७ साली. दोघांचंही लक्ष पोटाच्या स्नायूंवर, श्वासावर आणि पाठीच्या कण्यावर होतं. कुवलयानंदांसारखा अधिकारी योगी आखाड्याच्या वाटेनं आला आणि क्ष-किरणांची मदत घ्यायला कचरला नाही. तेव्हा योगाचा सोवळेपणा सांभाळायची चिंता आपण त्यांच्यापेक्षा जास्त करण्याचं कारण दिसत नाही.

दोन पद्धतींतला फरक मोठ्या तत्त्वचर्चेपेक्षा एकाच आसनात स्वच्छ दिसतो. सेतुबंधासन घ्या. पाठीवर झोपून गुडघे मोडायचे, तळवे जमिनीवर टेकवायचे, कंबर उचलायची आणि तिथं थांबायचं. श्वास संथ चालू. छाती उघडते, मांड्यांचा पुढचा भाग ताणला जातो, आणि थांबण्यातच मन जागेवर येतं. पिलाटेसमधला ‘शोल्डर ब्रिज’ दिसायला जवळपास हाच. पण तिथं कंबर वर उचलून झाली की एक पाय सरळ छताकडे न्यायचा, खाली आणायचा, पुन्हा वर न्यायचा, आणि हे होत असताना ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंची हाडं एका पातळीत राहिली पाहिजेत. पहिल्या दोन-तीन वेळांतच एका बाजूची कंबर कलू लागते, मांडीच्या मागं गोळा येतो आणि पोट सैल पडल्याचं कळतं. हीच ती उणीव, जी ट्रेकडे वळून वजन उचलताना कमरेला भोवते. आसन विचारतं, इथं शांतपणे थांबता येतं का? पिलाटेस विचारतं, हातपाय हलत असताना धड स्थिर राहतं का? लाइनवरच्या माणसाला हे दोन्ही जमायला हवं. नुसतं ताणून मोकळं झालेलं, पण आधार नसलेलं धड वजन उचलताना दगा देतं. आणि नुसतं घट्ट झालेलं, पण आखडलेलं अंग रात्री नीट झोपूही देत नाही.

‘पण सिद्ध काय झालंय?’ असं विचारणाऱ्यांशी मी सहमत आहे, विचारलंच पाहिजे. जुनाट कंबरदुखीवर जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेनं २०१५ मध्ये पिलाटेसचा आढावा घेतला आणि २०१७ मध्ये योगाचा. योगाचा पुन्हा २०२२ मध्ये. तिन्हींतून निघणारा सूर एकच आहे. काहीच न करण्यापेक्षा फायदा होतो, तो माफक असतो, आणि इतर व्यायामांपेक्षा योग किंवा पिलाटेस सरस असल्याचं दिसत नाही. काहींना हे निरुत्साही वाटेल, मला मात्र यातून मोकळीक मिळते. कुठलीच पद्धत जिंकलेली नाही, म्हणजे एकीशी निष्ठा ठेवायची सक्ती उरत नाही. जे आपल्या कामात राहून जातं ते भरून काढणारं आणि महिनोन्‌महिने चालू राहील असं मिश्रण घ्यायला आपण मोकळे आहोत. पिलाटेस महागडं असतं, हा समज स्प्रिंग लावलेल्या यंत्रांमुळे झाला. त्या चौतीस व्यायामांना यंत्र लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सतरंजीपुरती जागा पुरते.

मांडणी साधी ठेवावी. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास. सुरुवातीला चार-पाच मिनिटं पाठीवर पडून फासळ्या बाजूंना फुलतील असा श्वास. मग दहा-बारा मिनिटं पिलाटेस: ब्रिज, कुशीवर झोपून पाय उचलणं, पालथं पडून हातपाय आळीपाळीनं उचलणं. धड तापलेलं असताना मग आसनं: भुजंगासन, वक्रासन, पवनमुक्तासन, त्यातही कामाच्या उलट बाजूचा पीळ थोडा जास्त. शेवटी शवासन, आणि ते गाळू नये. नाइट शिफ्ट करणाऱ्यानं हे सगळं कामावर जाण्याआधी करावं. सकाळी घरी आल्यावर आसनं हलकी, शवासन लांब आणि मग झोप. जेवणानंतर तीन तास तरी काही करू नये. पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरत असेल, हाडं ठिसूळ झाली असतील, दिवस गेले असतील किंवा रक्तदाब चढा असेल, तर आधी डॉक्टर आणि सुरुवातीला शिक्षक, मोबाइलवरचा व्हिडिओ नंतर. आणि हा अर्धा तास चालण्याला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. आषाढीला इथल्या छोट्या पंढरपुरात पायी दिंड्या येतात. चालण्याचं मोल या गावाला नव्यानं पटवून द्यावं लागू नये.

राहता राहिला सगळ्यांत वजनदार आक्षेप: दुखणं कारखान्यातलं आणि उपाय कामगारानं घरी, स्वतःच्या वेळात करायचा, हा कुठला न्याय? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातल्या ४४ व्या कलमानं उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसायची योग्य सोय मालकावर बंधनकारक केली होती, कामात संधी मिळेल तेव्हा टेकता यावं म्हणून. ३४ व्या कलमानं इजा होईल एवढं वजन उचलायला लावण्यास मनाई केली होती. पाऊणशे वर्षांपूर्वी हे सुचलेला देश आज कामगाराच्या कमरेचा विचार करताना फक्त योगदिनाच्या सामूहिक कार्यक्रमापाशी थांबतो, याचं मला खरं वाईट वाटतं. ट्रे कमरेच्या उंचीवर आणणं, दर दोन तासांनी माणसांच्या जागा बदलणं, लाइनजवळ स्टूल ठेवणं, शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटं अंग मोकळं करायला पगारी वेळ देणं, यांतल्या कशालाही मोठी गुंतवणूक लागत नाही. ट्रेची उंची चुकलेलीच राहिली, तर घरचा अर्धा तास दर वेळी तेच दुखणं निस्तरण्यात संपेल आणि शरीर पुढं सरकणारच नाही. म्हणून व्यायाम सुरू करा असं मी कामगाराला जितक्या आग्रहानं सांगते, तितक्याच आग्रहानं युनियनच्या पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या खाली ट्रेची उंची आणि स्टूल लिहा असंही सांगते. अर्धा तास आपला आहे, त्यात योग आणि पिलाटेस दोन्ही बसतात. उरलेल्या आठ तासांचा जाब ज्यांचे ते तास आहेत त्यांनाच विचारायला हवा.