शिकविणार कोण?

दरवर्षी जून महिना आला की पुण्यातील महाविद्यालयांच्या फाटकांवर नव्या अभ्यासक्रमांचे फलक झळकू लागतात. विद्यार्थी फलक वाचतो, पालक शुल्क विचारतात. परंतु हा अभ्यासक्रम कोणी व कशाच्या आधारे मान्य केला, असे सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारावयास हवे.

१९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या, संलग्न महाविद्यालयास नवा अभ्यासक्रम काढावयाचा झाल्यास २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने आखलेल्या वाटेने जावे लागते. पाठ्यक्रम अभ्यास मंडळ तयार करते. त्यास विद्या परिषद मान्यता देते. महाविद्यालयाचा प्रस्ताव विद्यापीठाच्या बृहत् आराखड्याशी ताडून पाहिला जातो आणि शिफारशीसह शासनाकडे पाठविला जातो. शासनाने परवानगी दिल्यावर संलग्नीकरणापूर्वी विद्यापीठाची समिती प्रत्यक्ष पाहणीस जाते. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे.

अशा एका समितीवर मी काम केले आहे. आम्ही वर्गखोल्या मोजल्या, ग्रंथालयाची नोंदवही चाळली. अध्यापकांच्या रकान्यात ‘नेमणूक करण्यात येईल’ एवढेच लिहिलेले होते. ‘अटींच्या अधीन राहून शिफारस’ असा शेरा लिहून, चहा घेऊन आम्ही परतलो. त्या ‘येईल’चे पुढे काय झाले, हे पाहावयास कोणी गेले नाही, मीही गेलो नाही.

दोष केवळ समितीच्या आळसाचा नव्हे. नवे अभ्यासक्रम बहुधा विनाअनुदानित तत्त्वावर मंजूर होतात. अर्थात अध्यापकाचे वेतन विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघावयाचे. प्रवेश थोडे झाले की संस्थेस पूर्णवेळ अध्यापक परवडत नाही. मग तासिका तत्त्वावर कोणी येतो आणि वर्षअखेर निघून जातो. अध्यापक टिकत नाही म्हणून विद्यार्थी फिरकत नाहीत, आणि विद्यार्थी नाहीत म्हणून अध्यापक नाही. अखेर वर्ग बंद पडतो. प्रस्ताव करणारे, शिफारस करणारे व परवानगी देणारे यांपैकी कोणाचेच काही जात नाही. वर्षे जातात ती विद्यार्थ्याची. निर्णय एकाचा व तोटा दुसऱ्याचा, अशी जेथे वाटणी असते तेथे निर्णय सैलपणेच घेतले जातात, हे सांगावयास अर्थशास्त्राचा ग्रंथ उघडावा लागत नाही.

कडक छाननीने नव्या विषयांची वाट अडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्यास विषयनिवडीची अधिक मोकळीक देऊ केली आहे. नवे विषय यावयासच हवेत. म्हणून मागणी अधिक कागदांची नाही, दोनच गोष्टींची आहे. पहिल्या प्रवेशापूर्वी निदान एका पूर्णवेळ अध्यापकाचे नेमणूकपत्र समितीपुढे असावे. आणि पहिली तुकडी उत्तीर्ण होऊन बाहेर पडेल त्या वर्षी समितीने पुन्हा जावे. किती आले, किती टिकले, किती अध्यापक बदलले, याचा अहवाल प्रसिद्ध करावा.

पाहणीच्या दिवशी पुस्तके मांडून दाखविता येतात, खोल्याही दाखविता येतात. शिकविणारा तीन वर्षे वर्गात उभा होता की नाही, हे मात्र तीन वर्षांनीच कळते. तोपर्यंत समितीचे काम अपुरेच राहिले, असे समजावयास हवे.