प्राणहितेकाठचा जबडा

जुरासिक कालखंडात भारतावरून उडते सरीसृप विहरत होते काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः जबड्याच्या एका तुटक्या तुकड्यावर विसंबून आहे. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खडकांतून हा तुकडा मिळाला. भारतीय सांख्यिकी संस्थेतील सोहनलाल जैन ह्यांनी १९७४ साली त्याचे वर्णन केले व त्यास ‘कँपिलोग्नॅथॉयडीस इंडिकस’ असे नाव दिले.

पुरावा तोकडा आणि नाव मात्र भारदस्त, असे येथे झाले आहे. ह्या प्रजातीचे चांगले सांगाडे जर्मनीतील होल्ट्समाडेन येथे मिळाले असून ते सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तेच नाव कोट्याच्या तुकड्यास लावताच तेथील खडकांचे वयही नकळत सुचविले जाते. पुढील अभ्यासकांनी हा नमुना संदिग्ध मानला, हे योग्यच झाले. ज्या खडकांत माशांचे अवशेष विपुल आहेत, तेथे चार दातांवर भरवसा कोण ठेवील?

उडत्या सरीसृपाची खरी ओळख त्याच्या हातात असते. वटवाघळाचे पंख अनेक बोटांवर ताणलेले असतात. ह्या प्राण्याचे पंखपटल मात्र विलक्षण लांबलेल्या एकट्या चौथ्या बोटावर पेललेले असे. हाडे पोकळ, त्यांच्या भिंती अतिशय पातळ. उड्डाणास जे सोयीचे, तेच जतनास घातक. वाहत्या नदीत अशा हाडांचा चुरा होतो. उत्तम नमुने शांत पाण्याच्या बारीक गाळात टिकतात. बव्हेरियातील अशाच चुनखडीतील सांगाड्याचे वर्णन कोलिनी ह्याने १७८४ मध्ये केले. तो उडणारा सरीसृप होय, हे क्यूव्हिए ह्याने १८०१ मध्ये ओळखले.

म्हणून शोध कोठे घ्यावयाचा, हे आधी खडकास विचारावे. कुंभकोणमजवळच्या तिरुवलंचुळी येथे खणल्यास कावेरीचा अलीकडचा गाळ लागेल. तेथून वायव्येस अरियलूरच्या परिसरात मात्र क्रेटेशस काळातील समुद्राचे थर उघडे पडले आहेत. अमोनाइट तर तेथे मुबलक. समुद्रावर उडणाऱ्या प्राण्याचे एखादे हाड तेथे सापडणे अशक्य नाही. परंतु तेथील चुनखडी सिमेंटसाठी खणली जाते, आणि बोटाएवढे पोकळ हाड यंत्राच्या दातांतून सुटत नाही. प्रत्येक खाणीवर एक जाणता संग्राहक आणि बारीक चाळणी असणे अगत्याचे आहे. कोट्याची मातीही पुन्हा चाळली पाहिजे.