बाटलीवर ‘खत’ लिहिले म्हणून मजुराचे फुप्फुस बदलते काय?

संगमनेर तालुक्यात ऊस, टोमॅटो, डाळिंब, कांदा यांपैकी कोणत्या ना कोणत्या पिकावर बारा महिने फवारणी चालू असते. पाठीवर पंप घेऊन सरीतून चालणारा माणूस अनेकदा त्या शेताचा मालक नसतो. ‘औषध मारायला’ रोजाने बोलावलेला तो भूमिहीन मजूर असतो आणि संरक्षण म्हणून त्याच्या तोंडाला एक फडके असते. या मजुराच्या पंपात अलीकडे नॅनो युरिया आला आहे. इफ्कोने तो २०२१ साली अर्ध्या लिटरच्या बाटलीत बाजारात आणला. २०२३ साली नॅनो डीएपी आला.

गोणीतला दाणेदार युरिया हाताने फेकायचा असतो. बाटलीतला युरिया पाण्यात मिसळून पानांवर फवारायचा असतो. म्हणजे खत टाकण्याचे काम आता तुषारांत उभे राहून करण्याचे काम झाले. हा बदल मजुराला विचारून झालेला नाही.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते, तर नॅनो युरियाचे कण २० ते ५० नॅनोमीटरचे असल्याचे उत्पादक सांगतात. पदार्थ तोच असला तरी आकार बदलला की धोका बदलतो. टायटॅनियम डायऑक्साइड ही रंगात वापरली जाणारी पांढरी भुकटी घ्या. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने २०११ साली कामाच्या जागेवरील हवेत तिच्या साध्या बारीक धुळीसाठी घनमीटरला २.४ मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली, अतिसूक्ष्म कणांसाठी फक्त ०.३ मिलिग्रॅमची. एकाच वस्तूला आठपट कडक मर्यादा, कारण अतिसूक्ष्म कण फुप्फुसाला वजनाच्या मानाने जास्त इजा करतात.

नॅनो युरिया हे कीटकनाशकासारखे विष नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याने पीक वाढते की नाही, हा वाद कृषिशास्त्रज्ञांचा आहे, तो त्यांनी करावा. आमचा प्रश्न पंप उचलणाऱ्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नॅनो पदार्थांपासून कामगारांना वाचवण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा पाया सावधगिरीचा आहे : दीर्घकालीन परिणामांचा पुरावा अपुरा असेल तर संपर्क कमी करा, विशेषतः श्वासावाटे होणारा, आणि प्रशिक्षणात कामगारालाच सहभागी करा.

आता आपला कायदा पाहा. कीटकनाशक अधिनियम १९६८ खालील १९७१ च्या नियमांत फवारणाऱ्यासाठी संरक्षक कपडे, श्वसनाची साधने, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेत. नॅनो युरिया मात्र खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये बसवला गेला. हा आदेश खताचा दर्जा, भाव आणि विक्री पाहतो. फवारणाऱ्या मजुराच्या आरोग्याचा तो कायदाच नव्हे. उत्पादक स्वतः फवारताना मास्क व हातमोजे वापरण्याची शिफारस करतात. पण शिफारस म्हणजे बंधन नव्हे. मास्क कोणी विकत घ्यायचा, मालकाने, दुकानदाराने की ज्याची मजुरी दिवसावर आहे त्याने?

त्यातही विनोद असा की नॅनो युरिया कीटकनाशकासोबत एकाच पंपात मिसळून मारला जातो. कायद्याच्या नजरेत त्या पंपातले अर्धे पाणी धोकादायक आणि अर्धे निर्धोक! मजूर श्वास घेताना ही वाटणी कशी करणार?

नियम असले म्हणजे सगळे सुरक्षित, असेही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसपेक्षा अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. तेथे नियम होते, अंमलबजावणी नव्हती. निदान जाब विचारायला नियमाचा आधार तरी होता. नॅनो खताच्या बाबतीत तोही नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील सुरक्षिततेसाठी केंद्रीय सल्लागार कार्यालय १९४५ साली, त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. शेतमजूर मात्र त्यानंतरही कारखाना कायद्याच्या बाहेरच राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागते. दोन मजूर लावून फवारणी करणारे शेत तिच्यात कुठे बसते?

शेत म्हणजे खासगी जागा, तेथे कायदा कसा पोहोचणार, असे उत्तर मिळते. संगमनेरला हे उत्तर चालणार नाही. येथील विडी कामगार बायका घरात, उंबऱ्याच्या आत विड्या वळत आल्या, आणि १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. अंमलात त्रुटी भरपूर राहिल्या, पण कायदा उंबरा ओलांडू शकतो हे सिद्ध झाले. जो घरात जाऊ शकतो, त्याला शेताच्या बांधाने अडवायचे काय कारण?

म्हणून केंद्राने खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून प्रत्येक नॅनो खताच्या बाटलीवर फवारणाऱ्यासाठीच्या सूचना मराठीत, मोठ्या अक्षरांत आणि चित्रांसह बंधनकारक कराव्यात. मास्क आणि हातमोजे देण्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकावी आणि बाटलीसोबत ते उपलब्ध ठेवणे कृषी सेवा केंद्राला सक्तीचे करावे. कारखान्यांच्या हवेतील घातक पदार्थांच्या मर्यादा नव्या संहितेखाली राज्य सरकारने ठरवायच्या आहेत. तेथे नॅनो पदार्थांसाठी वेगळी नोंद महाराष्ट्राने आताच करावी.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा कलम २१ खालील हक्क मानला आणि आरोग्याच्या नोंदी काम सुटल्यावरही वर्षानुवर्षे जपून ठेवण्यास सांगितले, कारण ॲस्बेस्टॉसचा आजार उशिरा उगवतो. फवारणी करणाऱ्या मजुराची तर पहिलीच नोंद कुठे नाही. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी, वर्षातून एकदा त्याची छाती तपासावी. तालुक्यातील ग्रामसभांनी तसा ठराव येत्या हंगामाआधी करून तहसीलदार व तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवावा आणि त्याची पोच घ्यायला विसरू नये.